हवामानाच्या आधी

"थांब हं सनी, जहाज आलंय," लोरेन म्हणाली आणि तिनं रिसीव्हर खिडकीबाहेर धरला.

मी पेन खाली ठेवलं. तारेच्या त्या टोकाला भोंगा वाजला, एक लांब आणि दोन आखूड. क्षणभर नुसता वारा ऐकू आला, मग पुलानं उत्तर दिलं, तसंच, एक लांब आणि दोन आखूड. डुलूथ गावात मोठ्या सरोवरातून बंदरात शिरायला एक कालवा आहे आणि त्यावर अख्खाच्या अख्खा वर उचलला जाणारा लोखंडी पूल. खनिज न्यायला आलेलं जहाज भोंगा वाजवून पुलाला रामराम घालतं, आणि पूलही रामराम परत करतो. गाव डोंगरउतारावर वसलंय, त्यामुळे भोंगा घराघरांत ऐकू जातो, असं लोरेननं मला सांगितलं होतं. मी डोळे मिटून ऐकत होते. त्या उतारावरच्या एका घरात माझी मुलगी राहत होती आणि हाच भोंगा ह्याच क्षणी तिच्याही कानावर पडत होता.

"गेलं," लोरेन परत फोनवर आली. "हं, बोल. पुढच्या आठवड्याच्या संध्याकाळच्या बातम्या. हवामानाच्या आधीची जागा हवी ना, नेहमीसारखी?"

"नेहमीसारखी."

"फर्निचरवाला माझ्या नावानं खडे फोडतोय. वर्षानुवर्षं ती जागा त्याची होती."

"निवडणूक झाली की परत घे म्हणावं. आम्ही काही कायमचे राहायला आलेलो नाही."

माझं नाव सुनीती धारप. लोरेनच्या जिभेला ते पेलवेना, म्हणून तिनं पहिल्याच दिवशी माझं सनी करून टाकलं. ती डुलूथच्या एका टीव्ही स्टेशनवर जाहिरातींचा वेळ विकायची आणि मी वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियात बसून तो विकत घ्यायची. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवाराला शब्द सुचवणारे वेगळे असतात, त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करणारे वेगळे. ती जाहिरात कुठल्या गावात, कुठल्या स्टेशनवर, कुठल्या कार्यक्रमात लावायची, तेवढं आमच्याकडे. मिरजेत माझ्या थोरल्या काकूला मी हे तीनदा समजावून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे तू भिंती भाड्यानं घेतेस." ह्यापेक्षा चांगली व्याख्या मला आजवर कुणी दिलेली नाही.

ह्या कामात मी अर्धी अमेरिका ओळखायला लागले आणि त्यातलं जवळजवळ काहीच पाहिलं नाही. कुठल्या गावात लोक लवकर जेवतात, कुठे शुक्रवारी शाळेच्या सामन्यामुळे टीव्ही बंद असतो, कुठल्या स्टेशनवरची बाई सकाळी चिडलेली असते आणि जेवणानंतर भाव कमी करते, हे मला तोंडपाठ होतं. ती गावं माझ्यासाठी आवाज होती. डुलूथ म्हणजे लोरेनचा खरखरीत आवाज आणि तिच्या खिडकीबाहेरचा भोंगा.

हवामानाच्या आधीची जागा ही माझी खोड होती. बाकीचे लोक बातम्यांतली सुरुवातीची जागा मागायचे, मोठ्या सामन्यांच्या मधली मागायचे. मी मागायची संध्याकाळच्या बातम्यांत हवामान सांगण्याआधीची, ब्रेकमधली अगदी शेवटची. भाषण लागलं की लोक उठतात, फ्रीज उघडतात, कुत्र्याला बाहेर सोडतात. हवामानाच्या आधी मात्र कुणी जागचं हलत नाही. उद्या बर्फ आहे का, हे कळल्याशिवाय ह्या देशात कुणाचं पान हलत नाही. आमचे साहेब हॉवर्ड त्या जागेला 'धारपबाईंचं आसन' म्हणायचे. इंग्रजीत अहो-जाहो नाही, पण माझ्या मनात हॉवर्ड कायम 'तुम्ही'च होते. वयानं मोठे, चष्मा कपाळावर, आणि खिशात कायम खारे शेंगदाणे.

ही अक्कल मला कुठल्या कॉलेजानं दिलेली नव्हती. ती माझ्या मुलीनं, शर्वरीनं दिली. सहा-सात वर्षांची असताना ती बातम्यांना कंटाळून घरभर नाचायची, पण हवामानाची वेळ आली की गालिच्यावर मांडी घालून बसायची, कारण बर्फ म्हणजे शाळेला सुट्टी. मी ते पाहिलं आणि ऑफिसात जाऊन ती जागा मागितली. मग आमचा खेळच झाला. ब्रेकमधली शेवटची जाहिरात लागली की ती टीव्हीकडे बोट दाखवून ओरडायची, "आई, हे तुझं!" कधी बरोबर असायचं, कधी एखादा टायरवाला असायचा. टायरवाला निघाला की ती माझी समजूत काढायची, "असू दे, उद्या तुझं येईल."

मग तिचा बाबा आणि मी वेगळे झालो. उपेंद्र हृदयाचा डॉक्टर. आम्हा दोघांची हृदयं सोडून जगाची हृदयं बघत होता, असं मी तेव्हा रागानं म्हणायची. आता राग उरलेला नाही. माणूस सरळ आहे, फक्त माझ्याबरोबर त्याचं जमलं नाही. त्याला डुलूथच्या इस्पितळात जागा मिळाली. कोर्टात शर्वरीला विचारलं, तुला कुणाकडे राहायचंय? चौदा वर्षांची होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबाकडे."

विमानतळावर तिनं मला बाजूला घेतलं. "आई, तू मला फोन करू नकोस," ती म्हणाली. "तू रोज करशील आणि मधेच म्हणशील, 'एक मिनिट हं, दुसरी लाइन वाजतेय.' मग मी थांबून राहीन. मला नाही थांबायचं. मला वाटेल तेव्हा मीच करीन. कबूल?"

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मी म्हटलं, "कबूल."

तिनं फोन केला नाही. वर्ष उलटलं. उपेंद्र अधूनमधून दोन ओळी पाठवायचा, बरी आहे, उंच झाली, गणितात चांगली आहे. वाढदिवसाला मी कपडे पाठवले. ते तिला बसले की नाहीत, हेही कळलं नाही. रोज संध्याकाळी माझा हात फोनकडे जायचा आणि परत यायचा. आमच्या माहेरी दिलेला शब्द मोडणं म्हणजे पाप, आणि तिनं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ती एकच मोठी गोष्ट होती. तीही मोडली तर माझ्या हातात काय राहिलं, असं मला वाटायचं. पण जीव मात्र तुटायचा. तिचा आवाज कसा झाला असेल, ह्याचा विचार करत मी भांडी घासायची.

आणि मग त्या वर्षीच्या निवडणुकीत डुलूथ आलं. मी मागून घेतलं नव्हतं. मिनेसोटा राज्य डगमगतंय असा अंदाज आला, वरून हुकूम आला की तिथली सगळी गावं घ्या, आणि त्यात डुलूथ होतं. त्या दिवशी लोरेनला पहिला फोन करताना मी दोनदा चुकीचा नंबर फिरवला. वेळ विकत घ्यायला एवढी वर्षं फोन करणारी बाई!

आमचे उमेदवार म्हणजे एका राज्याचे गव्हर्नर. भला माणूस, पण कॅमेरा दिसला की लाकडाचा व्हायचा. त्या जाहिरातीत ते मक्याच्या शेतात उभे राहून हातातल्या कणसाकडे असे बघत होते, की जणू पहिलं मत ते कणीसच देणार आहे. आजारी माणसाला घर विकावं लागू नये, असं काहीतरी ते बोलायचे. ते बोलणं मला पटत होतं, हेही सांगायला हवं. तर हे गव्हर्नरसाहेब रोज संध्याकाळी, हवामानाच्या आधी, माझ्या मुलीच्या घरात जाऊन उभे राहू लागले. मला त्या घराचं दार माहीत नव्हतं, पडदे कुठल्या रंगाचे ते माहीत नव्हतं. पण रोज त्या वेळी मी घड्याळाकडे बघायची आणि मनात म्हणायची, पोचलो.

ती बघत असेल का? तिला आठवत असेल का? हे विचारायला मला कुणी नव्हतं. मग मी लोरेनला हवापाणी विचारायची. पाऊस पडला का, झाडांची पानं गळाली का, शाळा सुरू झाल्या का. लोरेनला वाटायचं, मला गावाचं वेड लागलंय. ती हौसेनं सांगायची. सरोवराचा रंग आज शाईसारखा आहे. शाळेच्या पोरांनी टेकडीवर शेकोटी केली. मी ते सगळं घरी नेऊन संध्याकाळी पुरवून पुरवून खायची.

ऑक्टोबर अर्धा सरला असेल. हॉवर्डनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नकाशा होता आणि नकाशावर शेंगदाण्याची सालं.

"मिनेसोटा पक्कं झालं," ते म्हणाले. "विस्कॉन्सिन निसटतंय. पैसे हलवायचे आहेत. तुझ्या दोन गावांपैकी आता एकालाच पैसे पुरतील. ग्रीन बे नाहीतर डुलूथ."

मी नकाशाकडे बघत राहिले. टीव्हीच्या लहरींना राज्याची हद्द कळत नाही, ही आमच्या धंद्याची कायमची डोकेदुखी. डुलूथ मिनेसोटात. समोरच्या काठावर सुपीरियर नावाचं गाव, ते विस्कॉन्सिनमध्ये. डुलूथच्या स्टेशनवर जाहिरात लावली की ती दोन्ही काठांवर दिसते. पण बहुतेक घरं मिनेसोटातली, म्हणजे जे आधीच आमचे झाले होते त्यांनाच आम्ही पुन्हा पुन्हा कणीस दाखवत होतो. ग्रीन बे सगळंच्या सगळं विस्कॉन्सिनमध्ये.

"तू ठरव," हॉवर्ड म्हणाले. "दोन्ही गावं तुझीच आहेत. उद्या दुपारपर्यंत सांग."

"हे दुसऱ्या कुणाला द्या," मी म्हटलं.

"का?"

"माझी मुलगी डुलूथला असते."

हॉवर्डनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "माहीत आहे मला. म्हणून तर तुला सांगतोय. दुसऱ्या कुणाला दिलं तर तो तुझं मन राखायला डुलूथ ठेवेल. तू एकटीच खरं सांगशील."

मला त्यांचा राग आला. एखाद्यावर एवढा विश्वास टाकणं ही एक प्रकारची बळजोरीच असते.

तो सगळा दिवस मी आकड्यांशी झटत होते. आणि खरं सांगायचं तर डुलूथच्या बाजूनं बोलायला बरंच काही होतं. सुपीरियरच्या काठावरचे गोदीकामगार अजून कुंपणावर बसले होते. तिथल्या एका मतासाठी थोडा जास्त खर्च झाला तर काय बिघडलं? एकदा मी असं मांडलं की डुलूथ वर आलं. पुन्हा तपासलं, तर मी गोदीकामगारांना जरा जास्तच माणसं समजले होते आणि ग्रीन बेच्या लोकांना जरा कमी. मी कागद फाडला. आकड्यांना काय, प्रेमानं विचारलं की ते हवं ते सांगतात. पण ते पैसे माझे नव्हते. कुणा म्हातारीनं पेन्शनमधून पाठवलेले होते, कुणा कामगारानं पाठवलेले होते, आणि ते माझ्या घरचा निरोप पोचवायला पाठवलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी हॉवर्डना सांगितलं, "डुलूथ सोडा."

त्यांनी मान हलवली आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे सरकवली. मी एकही उचलला नाही.

लोरेनला फोन करणं सगळ्यात जड गेलं. "म्हणजे शुक्रवारनंतर काहीच नाही?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"फर्निचरवाला पेढे वाटेल," ती म्हणाली. म्हणजे तिच्या भाषेत जे काही म्हणतात ते म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या फोनची सवय झाली होती गं. आता करणार नाहीस?"

"काम उरलं नाही, लोरेन."

त्या वेळी जहाज नव्हतं. मी उगाच थोडा वेळ फोन कानाला लावून ठेवला.

शुक्रवार गेला. सोमवारी संध्याकाळी त्या वेळी मी घड्याळाकडे बघितलं आणि आज आपलं कुणी कुठे पोचत नाहीये, हे लक्षात आलं. मला पूर्वी एकटं राहण्याची भीती वाटली नव्हती, त्या संध्याकाळी वाटली. शर्वरीनं फोन केला नव्हता, पण एवढे दिवस मी निदान तिच्या दाराशी तरी होते. आता तिथूनही मी माझ्या हातानं उठून आले होते.

शेवटचा आठवडा सुरू झाला. ऑफिसात पाच-पाच फोन एकदम वाजत होते, जो तो ओरडत होता. त्या गदारोळात लोरेनचा फोन आला. स्टेशनं आम्हाला आपणहून फोन करत नाहीत, काहीतरी बिघडल्याशिवाय. मी म्हटलं, "लोरेन, हिशेबात काही चुकलं का?"

"नाही गं, हे कामाचं नाही," ती म्हणाली. "पण सांगितल्याशिवाय राहवेना. निवडणुका आल्या की रोज शिव्या खाते मी. जाहिराती बंद करा, त्या माणसाचं तोंड बघवत नाही, कुत्रंसुद्धा भुंकायला लागलंय. आज पहिल्यांदा उलटा फोन आला. जाहिरात बंद का झाली म्हणून."

"कुणाचा?"

"एका मुलीचा. शाळेतली असावी. विचारते, हवामानाच्या आधी कणीसवाला माणूस यायचा, तो का येत नाही? मी म्हटलं, बाळ, त्यांनी वेळ घेणं थांबवलं. तर म्हणते, 'कुणी थांबवलं? तिनं स्वतः?' मी विचारलं, ती कोण? त्यावर काही बोलेना. मग म्हणाली, 'तिला कंटाळा आला असेल.' आणि ठेवून दिला फोन."

मी खुर्चीत बसले होते की उभी होते, मला आठवत नाही. समोर कुणीतरी मला हातवारे करून ग्रीन बेबद्दल काही विचारत होतं.

"सनी? ऐकतेयस ना?"

"लोरेन," मी म्हटलं, "ती माझी मुलगी आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लोरेन तिच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाली, "मग तू अजून माझ्याशी काय बोलत बसलीयेस?"

"मी तिला फोन न करण्याचा शब्द दिलाय."

"आणि न येण्याचा?"

"तो नाही दिला."

"मग झालं तर. जाड कोट आण," लोरेन म्हणाली आणि तिनंच फोन ठेवला.

मी हॉवर्डच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "मी उद्या सकाळी डुलूथला जातेय."

"निवडणूक झाल्यावर जा."

"उद्या."

"शेवटच्या आठवड्यात?" त्यांचा आवाज चढला. "सुनीती, ग्रीन बे कोण बघणार? आणि डुलूथ तर तूच सोडायला लावलंस ना?"

"सोडायला लावलं म्हणूनच जायचंय. गावातून पैसे काढून घेतले, ते बरोबर होतं. पण माझ्या मुलीला वाटतंय मी तिलाच सोडलं. हे मी निवडणूक होईपर्यंत तसंच ठेवू शकत नाही."

हॉवर्डनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले होते आणि त्यांना रागावायचा हक्क होता. शेवटी त्यांनी हात पुढे केला. "तुझ्या स्टेशनांचे नंबर दे," ते म्हणाले. पुढच्या निवडणुकीला त्यांनी मला बोलावलं नाही. त्याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही.

मिनियापोलिसपर्यंत मोठं विमान आणि तिथून एक डगमगणारं छोटं. खाली सरोवर दिसलं तेव्हा मी लोरेनचे सगळे रंग त्यावर लावून पाहिले. त्या दिवशी ते राखाडी होतं.

उपेंद्रनं दार उघडलं. त्याचे केस बरेच पिकले होते. "तू?" एवढंच तो म्हणाला. मग बाजूला झाला. "ये ना आत. शर्वरी नाहीये. शाळा सुटली की खाली कालव्यावर जाते, जहाजं बघायला. बोलावून घेऊ?"

"नको. मी जाते."

आत टीव्हीचा कोपरा दिसत होता. त्याच्यासमोर जमिनीवर एक उशी पडली होती. इतकी मोठी झाली तरी पोरगी अजून जमिनीवरच बसत होती. मी पटकन पायऱ्या उतरले.

कालव्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे लांब धक्के आहेत. वारा असा होता की उभं राहवत नव्हतं. टोकाशी एकच आकृती, निळा कोट, हात खिशात. मी चालत गेले. तिच्या उभं राहण्यात माझ्या आईची ढब आली होती, हे मला लांबूनच दिसलं. मी हाक मारायच्या आधी तिनं मागे वळून पाहिलं. ती माझ्यापेक्षा उंच झाली होती.

ती धावत आली नाही. मीही तिला जवळ घेतलं नाही. आम्ही तशाच उभ्या राहिलो.

"कणीसवाला का बंद केलास?" तिनं विचारलं. आवाज खाली उतरला होता, जवळजवळ बाईचा आवाज.

"मिनेसोटा पक्कं झालं होतं. पैसे विस्कॉन्सिनला हवे होते."

"खरं कारण?"

"तेच खरं कारण आहे, शरू."

ती सरोवराकडे वळली. "मला वाटलं, आता तुला इथलं कुणी नको."

"मला इथलं एकच माणूस हवं होतं. लोकांच्या पैशांनी त्याच्या घरी किती दिवस जाणार?"

तिनं बुटाच्या टोकानं काँक्रीटवरचं बर्फ खरवडलं. "पहिल्या दिवशी लागली तेव्हा मी बाबाला म्हटलं, हे आईचं. तो म्हणाला, कशावरून? मी म्हटलं, हवामानाच्या आधी आहे ना. मग मी रोज बघायचे. मला वाटायचं, तू रोज काहीतरी सांगतेयस."

"सांगतच होते."

"काय?"

एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या शब्दांसाठी जागा शोधत आले. स्वतःचे शब्द बोलायची वेळ आली तेव्हा मला एकच सुचलं. "जेवलीस का, एवढंच."

ती हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. लहानपणी रडू आवरताना व्हायचं, अगदी तसंच. "आई, मी तुला फोन करू नकोस म्हणाले होते."

"हो."

"आणि तू खरंच केला नाहीस."

"शब्द दिला होता ना तुला."

"आई, मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तू एका आठवड्यात मोडशील."

वारा होता, पाण्याचा आवाज होता, पण मला काही ऐकू येईना. मी तो शब्द जपला होता, डोळ्यांत तेल घालून, उपास धरल्यासारखा, आणि इकडे ही रोज माझी वाट बघत होती. मी तिला जवळ ओढलं. तिनं कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं. त्यासाठी तिला वाकावं लागलं.

तेवढ्यात जहाज आलं, गावाएवढं लांबलचक, आणि आमच्या इतक्या जवळून की डेकवरच्या माणसाची टोपी दिसत होती. त्यानं भोंगा दिला. पुलानं उत्तर दिलं. लोरेनच्या खिडकीतून ऐकलेला तो आवाज इथे छातीत घुमत होता.

"मी तिकडे परत येणार नाहीये हं," जहाज गेल्यावर शर्वरी म्हणाली. "माझी शाळा इथे आहे. बाबा एकटा पडेल. आणि मला हे सगळं आवडतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. माहीत नव्हतं. विमानात मी माझ्या घरातल्या तिच्या जुन्या खोलीतलं कपाट मनातल्या मनात रिकामं करून ठेवलं होतं.

"पण फोन कर."

"कधी करू?"

"तुला माहितीये कधी."

गव्हर्नरसाहेब निवडणूक हरले. विस्कॉन्सिन मात्र आम्हाला मिळालं. निकाल लागेपर्यंत मी डुलूथलाच होते; घरी परतले त्या संध्याकाळी मी पहिला फोन केला. तिनं रिसीव्हर टीव्हीजवळ धरला. "ऐक," ती म्हणाली, "फर्निचरवाला परत आलाय." मग हवामान सुरू झालं आणि आम्ही दोघी गप्प राहून ते ऐकलं. उद्या बर्फ होतं.

ती कॉलेजला जाईपर्यंत रोज त्या वेळी मी फोन केला, आणि एकदाही दुसऱ्या लाइनकडे पाहिलं नाही. आता शर्वरी सिॲटलला असते. घरात टीव्ही नाही, हवामान तिला हातातल्या फोनवर दिसतं, कामाचा रगाडा मोठा. पण वेळ तीच आहे, आणि आता फोन ती करते. मी त्या आधीच जेवून, भांडी आवरून, खुर्चीत येऊन बसलेली असते. कधी वाजतो, कधी नाही वाजत. वाजला की ती विचारते, "आई, जेवलीस का?" मी हो म्हणते, आणि सांगायच्या म्हणून दिवसभर बाजूला ठेवलेल्या गोष्टींपैकी पहिली काढते. ती गोष्ट अर्ध्यावर येते न येते तोच पलीकडे काहीतरी वाजतं.

"एक मिनिट हं आई," ती म्हणते, "दुसरा फोन येतोय."

मी थांबते.